लॉगिनला पाच मिनिटं लागतात? ऑफिसचं नेटवर्क आणि ग्रुप पॉलिसी टप्प्याटप्प्याने कशी तपासावी

सकाळी दहाला काउंटर उघडायचा असतो. पासवर्ड टाकून झालेला असतो, पडद्यावर ‘वेलकम’चे ठिपके गोल गोल फिरत असतात आणि समोर माणसं ताटकळत असतात. चिपळूणची पतसंस्था असो, कुडाळच्या एमआयडीसीतला काजू कारखाना असो की रत्नागिरीतलं मासळी निर्यातीचं ऑफिस, उपाय ठरलेला असतो: रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन मशीन घ्या. बहुतेक वेळा हा खर्च पाण्यात जातो. कारण त्या चार-पाच मिनिटांत प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असतो. संगणक कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतो. हे उत्तर न देणारं कोण, ते आधी शोधायचं आणि मगच कशाला हात लावायचा.

खालची पद्धत विंडोज डोमेन (सगळ्यांची खाती एका सर्व्हरवर ठेवणारी मांडणी) असलेल्या, दहा ते साठ संगणकांच्या ऑफिसासाठी आहे. ग्रुप पॉलिसी म्हणजे त्या सर्व्हरवरून संगणकांना आणि वापरकर्त्यांना लावली जाणारी सेटिंगं. आज्ञांची आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना आज्ञेचं नाव इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचं; ‘स्लॅश’ किंवा ‘डॅश’च्या आधी आणि पुढच्या नावा-आकड्याच्या आधी एक मोकळी जागा सोडायची. आज्ञा द्यायच्या ती कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, नाहीतर अर्धीच माहिती दिसते.

आधी घड्याळ लावा

मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि तीन वेगवेगळ्या वेळा मोजून वहीत लिहा. पहिली, बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत. दुसरी, पासवर्ड देऊन एंटर मारल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत. तिसरी, डेस्कटॉप दिसल्यापासून नेटवर्क ड्राइव्ह उघडेपर्यंत. पहिली वेळ जास्त असेल तर संगणकाला लागणाऱ्या पॉलिसीकडे आणि नेटवर्क जोडणीकडे बघायचं. दुसरी जास्त असेल तर वापरकर्त्याची पॉलिसी, प्रोफाइल (त्याच्या फाइली आणि सेटिंगं), ड्राइव्ह आणि प्रिंटर संशयित. तिसरी जास्त असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, अँटिव्हायरस किंवा लॉगऑन स्क्रिप्ट.

मग अदलाबदल करा. तोच वापरकर्ता शेजारच्या मशीनवर बसवा, त्या मशीनवर दुसरा वापरकर्ता. माणसासोबत त्रास सरकला तर दोष प्रोफाइलमध्ये किंवा त्याच्या पॉलिसीत. मशीनपाशीच राहिला तर केबल, ड्रायव्हर किंवा संगणकाची पॉलिसी. सगळं ऑफिस एकदम रेंगाळत असेल तर थेट डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) आणि सर्व्हर गाठा, एकेका मशीनपाशी बसून दिवस घालवू नका.

यानंतरची चाचणी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. संगणक बंद करा, नेटवर्कची केबल काढा, चालू करून लॉगिन करा. त्या मशीनवर आधी कधीतरी लॉगिन केलेलं असेल तर विंडोज साठवलेल्या ओळखीवर आत घेतं. केबलविना वीस सेकंदांत डेस्कटॉप आला आणि केबल लावून चार मिनिटं लागली, तर डिस्क, रॅम आणि विंडोज निर्दोष आहेत. नवीन मशीनचं कोटेशन मागवायची गरज नाही.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ने संगणक पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. संगणक सुरू होताना लागणाऱ्या स्क्रिप्ट आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन मग होतच नाहीत, आणि ‘पॉलिसी लागत नाही’ अशी ओरड सुरू होते. तपासणीत दर वेळी ‘रीस्टार्ट’ वापरा.

संगणकालाच बोलतं करा

ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, पॉलिसीज, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम या वाटेने जा आणि ‘डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस’ चालू करा. एकाच मशीनवर बघायचं असेल तर त्याच्या लोकल पॉलिसीतही हीच जागा आहे. आता रीस्टार्ट केल्यावर नुसत्या ‘वेलकम’ऐवजी काय चाललंय ते पडद्यावर दिसतं: ‘अप्लाइंग ग्रुप पॉलिसी प्रिंटर्स पॉलिसी’, ‘अप्लाइंग ग्रुप पॉलिसी ड्राइव्ह मॅप्स पॉलिसी’, वगैरे. ज्या ओळीवर पडदा खिळून राहतो तिचा मोबाइलवर फोटो काढा. निम्म्या तक्रारींचा माग या एका फोटोत लागतो.

डीएनएस: लहान ऑफिसातली पहिली चूक

डोमेनमधला संगणक लॉगिनच्या वेळी डीएनएसला विचारतो, ‘या डोमेनचा कंट्रोलर, म्हणजे ओळख तपासणारा सर्व्हर, कुठे आहे?’ हे उत्तर फक्त ऑफिसच्या आतल्या डीएनएसकडे असतं, म्हणजे बहुतेक ठिकाणी खुद्द डोमेन कंट्रोलरकडे. ब्रॉडबँडवाला राउटर बसवून जातो, राउटर आपणहून आयपी वाटायला लागतो आणि सोबत इंटरनेट कंपनीचा डीएनएसही देतो. किंवा कुणीतरी ‘नेट बंद पडू नये’ म्हणून दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ भरून ठेवतं. गुगलच्या त्या डीएनएसला तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता कुठून माहीत असणार? एकदा पहिल्याकडून उत्तर यायला उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारतं आणि बराच वेळ त्यालाच धरून बसतं. म्हणूनच हा त्रास ‘कधी होतो, कधी होत नाही’ असा वाटतो.

‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ द्या आणि डीएनएस सर्व्हर्सच्या ओळी बघा. तिथे फक्त डोमेन कंट्रोलरचे आयपी हवेत, बाहेरचा एकही नको. राउटरमधलं डीएचसीपी (आयपी वाटण्याची सोय) बंद करून ते काम सर्व्हरला द्या. बाहेरच्या साइट उघडण्यासाठी ८.८.८.८ हवाच असेल तर तो सर्व्हरवरच्या डीएनएस मॅनेजरमध्ये ‘फॉरवर्डर्स’खाली भरा. तिथे तो योग्य जागी आहे.

त्यानंतर ‘एनएसलुकअप’पुढे डोमेनचं नाव देऊन बघा. उत्तरात येणारा प्रत्येक आयपी हा आज चालू असलेल्या डोमेन कंट्रोलरचाच असला पाहिजे. दोन ठिकाणी हमखास घोटाळा सापडतो. एक म्हणजे, जुना सर्व्हर भंगारात गेला तरी त्याच्या नोंदी डीएनएसमध्ये तशाच असतात. संगणक त्याचं दार ठोठावत बसतो. मेलेल्या सर्व्हरचं खातं ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (डोमेनमधल्या खात्यांची नोंदवही) ‘डोमेन कंट्रोलर्स’मधून काढा आणि डीएनएसमध्ये, ‘अंडरस्कोर एमएसडीसीएस’ झोनसकट, त्याच्या नावाची नोंद शोधून पुसा. दुसरं म्हणजे, सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतात आणि दोन्हींचे आयपी नोंदले जातात, पण एकावर कुणी पोचू शकत नाही. त्या कार्डाच्या आयपी सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्डच्या डीएनएस टॅबवर, ‘रजिस्टर धिस कनेक्शन्स ॲड्रेसेस इन डीएनएस’वरची खूण काढा आणि आधीची नोंद हाताने पुसा.

शेवटी ‘एनएलटेस्ट स्लॅश डीएसगेटडीसी’, पुढे लगेच कोलन (:), त्याला चिकटून डोमेनचं नाव. कोणता कंट्रोलर सापडला आणि संगणक कोणत्या साइटमध्ये (ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदलेलं ठिकाण) धरला गेला, ते कळतं.

घड्याळही इथेच बघून घ्या. संगणक आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉसची (डोमेनमधली ओळख तपासण्याची पद्धत) ओळखपरेड फसते. ‘डब्ल्यू३२टीएम स्लॅश क्वेरी स्लॅश स्टेटस’ने वेळ कुठून येते ते दिसतं, ‘डब्ल्यू३२टीएम स्लॅश रीसिंक’ने जुळते. रोज सकाळी एकाच मशीनचं घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

केबल, स्विच आणि खारी हवा

किनाऱ्यालगतच्या ऑफिसात तांब्याला हिरवट थर फार लवकर चढतो. आरजे४५ प्लगच्या पिनांवर तो चढला की जोडणी तुटत नाही, लंगडी होते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच पुरतात. त्यामुळे एक तार गेली की संगणक गुपचूप १०० वर उतरतो. वरून सगळं चालू दिसतं. नेटवर्क कनेक्शनच्या ‘स्टेटस’ खिडकीत ‘स्पीड’ बघा. स्विच गिगाबिट असून तिथे १०० किंवा १० दिसला तर प्लग कापून नवा क्रिंप करा. स्विचच्या तोंडातल्या पिनाही टॉर्च मारून बघा. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, सगळ्या पोर्टांची ही फेरी मारलेली बरी.

सर्व्हरच्या आयपीवर दोनशे पिंग पाठवा: ‘पिंग’, मग ‘डॅश एन २००’, मग आयपी. ऑफिसच्या आतल्या वायरवर एकही पिंग हरवता कामा नये आणि वेळ एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर असली पाहिजे. दोनशेतले पाच हरवत असतील तर पॉलिसी तपासत बसण्यात अर्थ नाही. आधी वायर.

मॅनेज्ड स्विचचं एक वेगळंच दुखणं आहे. स्पॅनिंग ट्री (वायरींचा फेरा होऊ न देणारी सोय) चालू असेल तर केबलमध्ये जीव आल्यावर तो पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग वाहतूक सोडतो. एसएसडीचा संगणक तोवर लॉगिनच्या पडद्यावर येऊन कंट्रोलरला हाका मारत असतो. सिस्टिम लॉगमध्ये नेटलॉगॉनची ५७१९ आणि ग्रुप पॉलिसीची ११२९ ही नोंद जोडीने दिसते. संगणक लावलेल्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. दोन स्विच एकमेकांना जोडणाऱ्या पोर्टांवर ते कधीही करू नका, चुकून वायरीचा फेरा झाला तर अख्खं नेटवर्क बसेल.

वायफायवरच्या लॅपटॉपना जांभ्याच्या जाड भिंतींतून सिग्नल नीट पोचत नाही आणि लॉगिन होईपर्यंत पुष्कळदा वायफाय जोडलेलंच नसतं. काउंटरवरची मशीन तरी वायरवर ठेवा.

वायरवरच्या मशीनसाठी कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनच्या सिस्टिम, लॉगॉन या जागी ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क’ ही पॉलिसी आहे. ती चालू केल्यावर सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण पॉलिसी पहिल्याच लॉगिनला लागते. नाहीतर फोल्डर रीडिरेक्शन (डेस्कटॉपसारखी फोल्डरं सर्व्हरवर ठेवणं) किंवा सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनसारख्या गोष्टी लागायला दोन-दोन लॉगिन लागतात. ही पॉलिसी बिघडलेल्या डीएनएसवरचा इलाज मात्र नाही. तिथे ती वाट बघणं आणखी लांबवते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सेकंदासेकंदाचा हिशेब

आता खरा पुरावा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुप पॉलिसी, ऑपरेशनल इथे जा. रेंगाळलेलं लॉगिन झाल्यावर लगेच बघा, नाहीतर पुढच्या नोंदींच्या ढिगात हरवेल.

आधी ८००१ शोधा: वापरकर्त्याच्या पॉलिसीला एकूण किती सेकंद लागले ते त्यात असतं. संगणकाच्या पॉलिसीसाठी ८०००. हा आकडा तुमच्या स्टॉपवॉचशी ताडून बघा. लॉगिनला २४० सेकंद लागले आणि ८००१ म्हणतो ६, तर ग्रुप पॉलिसी निर्दोष आहे, प्रोफाइलकडे वळा. आकडा मोठा असेल तर वर सरकत ४०१६ आणि ५०१६ च्या जोड्या बघा. ४०१६ म्हणजे एक भाग सुरू झाला, ५०१६ म्हणजे तो संपला.

समजा एक ४०१६ आहे, वेळ १०:०४:१२, नाव ‘ग्रुप पॉलिसी प्रिंटर्स’. बाकीच्या जोड्या एकेका सेकंदात मिटल्या आहेत. या नावाची ५०१६ मात्र थेट १०:०५:४९ ला आहे आणि आत लिहिलंय, ९७,०३१ मिलिसेकंद. सव्वा दोन मिनिटांच्या लॉगिनमधली दीड मिनिटाहून जास्त वेळ एकट्या प्रिंटरने खाल्ली. चोर सापडला.

५३२६ मध्ये कंट्रोलर शोधायला किती मिलिसेकंद लागले ते असतं. तिथे हजारांत आकडा दिसला तर परत डीएनएसकडे जा. ॲप्लिकेशन लॉगमधल्या विनलॉगॉनच्या ६००५ आणि ६००६ या नोंदीही बघा. ‘जीपीक्लायंट’ (म्हणजे ग्रुप पॉलिसी) किंवा ‘प्रोफाइल्स’ यांपैकी कुणी वेळ घेतला ते त्या नावानिशी सांगतात.

लॉग वाचायचा कंटाळा असेल तर ‘जीपीरिझल्ट स्लॅश एच’ आणि पुढे एचटीएमएल फाइलचं नाव द्या. या अहवालात ‘कंपोनंट स्टेटस’खाली प्रत्येक भागाला लागलेला वेळ तक्त्यात मिळतो.

चोर सापडल्यावर

प्रिंटर. पॉलिसीतून लावलेल्या शेअर्ड प्रिंटरची ॲक्शन ‘रिप्लेस’ असेल तर तो दर वेळी काढून पुन्हा जोडला जातो. ‘अपडेट’ करा. काढून टाकलेल्या प्रिंटरची नोंद पॉलिसीतूनही काढा. मशीन गोदामात गेलं तरी पॉलिसी त्याला शोधतच राहते. ऑगस्ट २०२१ च्या विंडोज अपडेटपासून साध्या वापरकर्त्याला सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर बसवता येत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. म्हणून ड्रायव्हर प्रत्येक मशीनवर आधीच बसवून ठेवा. हे बंधन रजिस्ट्रीतून काढून टाकण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका, ते बंधन एका गंभीर सुरक्षा-भोकावरचं बूच आहे.

ड्राइव्ह. तोच नियम: ‘रिप्लेस’ऐवजी ‘अपडेट’, आणि जुन्या सर्व्हरच्या नावाने असलेला प्रत्येक मॅप काढा. काळ्या खिडकीत ‘नेट यूज’ दिल्यावर वापरकर्त्याने हाताने जोडलेले जुने ड्राइव्हही दिसतात. ही आज्ञा मात्र त्या वापरकर्त्याच्या साध्या खिडकीतच द्या.

डब्ल्यूएमआय फिल्टर, म्हणजे मशीनला प्रश्न विचारून पॉलिसी लावायची की नाही ठरवणारी अट. ‘अमुक सॉफ्टवेअर असेल तरच पॉलिसी लावा’ यासाठी ‘विन३२ प्रॉडक्ट’ विचारणारा फिल्टर कुठे असेल तर तो आजच काढा. ही चौकशी नुसती यादी वाचत नाही. एमएसआय इन्स्टॉलरने बसवलेलं एकेक सॉफ्टवेअर ती तपासून बघते. रोज, प्रत्येक मशीनवर.

स्क्रिप्ट. ग्रुप पॉलिसीतली स्क्रिप्ट अडकली तर विंडोज तिच्यासाठी ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं, थांबू शकतं. उलटही घडतं: विंडोज ८.१ पासून लॉगऑन स्क्रिप्ट लॉगिननंतर पाच मिनिटांनी सुरू होते, आणि ‘ड्राइव्ह उशिरा येतो’ अशी तक्रार येते. ‘कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले’ ही पॉलिसी चालू करून आकडा शून्य ठेवा.

प्रोफाइल. रोमिंग प्रोफाइल (सर्व्हरवर ठेवलेलं, प्रत्येक मशीनवर सोबत येणारं) असेल आणि डेस्कटॉपवर आंब्याच्या हंगामातले सगळे फोटो-व्हिडिओ पडलेले असतील, तर तो ढीग लॉगिनला उतरतो आणि लॉगआउटला चढतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर रीडिरेक्शनने सर्व्हरवर न्या. ‘यूझर प्रोफाइल सर्व्हिस’च्या ऑपरेशनल लॉगमध्ये नोंद १ ला सुरुवात आणि नोंद २ ला शेवट असतो, दोन्हींमधलं अंतर मोजा.

पॉलिसी लागतच नाही

‘जीपीरिझल्ट’मध्ये नाकारलेल्या पॉलिसीपुढे कारण लिहिलेलं असतं. पॉलिसीचं नावच दिसत नसेल तर ती चुकीच्या ओयूला (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला खात्यांचा कप्पा) जोडली आहे. वापरकर्त्याचं सेटिंग संगणकांच्या ओयूला जोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक; लूपबॅक (संगणकाच्या ओयूवरून वापरकर्त्याची सेटिंगं लावण्याची सोय) चालू नसेल तर ते लागणार नाही. कारण ‘सिक्युरिटी’ असेल तर डेलिगेशन टॅब बघा. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून वापरकर्त्याची पॉलिसीसुद्धा संगणकाच्या ओळखीने वाचली जाते. त्यामुळे सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ काढून फक्त ‘अकाउंट्स विभाग’ असा गट ठेवला असेल, तर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ना निदान ‘रीड’ द्यावं लागतं.

नोंद १०५८ म्हणजे संगणकाला सिस्व्हॉलमधली (कंट्रोलरवरचं पॉलिसींच्या फाइलींचं शेअर्ड फोल्डर) जीपीटी डॉट आयएनआय फाइल वाचता आली नाही. दोन उलट्या तिरप्या रेघा, डोमेनचं नाव, मग एकेका रेघेने सिस्व्हॉल, पुन्हा डोमेनचं नाव, पॉलिसीज असा पत्ता हाताने उघडून बघा. उघडतोय पण त्या पॉलिसीचं फोल्डर नाही, तर दोन कंट्रोलरांमधली नक्कल थांबली आहे. सर्व्हरच्या डीएफएस रेप्लिकेशन लॉगमध्ये २२१३ असेल तर सर्व्हर झटक्यात बंद झाला होता, उदाहरणार्थ वीज गेल्याने. पुढे चालू करण्याची आज्ञा त्याच नोंदीत छापलेली असते. ती देण्याआधी सिस्व्हॉलची प्रत काढून ठेवा.

शाखा वेगळ्या गावी असेल तर

मुख्य ऑफिस चिपळूणला, शाखा गुहागरला आणि दापोलीला. शाखेचा सबनेट (तिथल्या आयपींचा पट्टा) ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये नोंदलेला नसेल तर शाखेतला संगणक शेजारचा कंट्रोलर सोडून लांबच्याकडे जाऊ शकतो. कंट्रोलरवर सी ड्राइव्ह, विंडोज, डीबग या फोल्डरमधल्या नेटलॉगॉनच्या लॉगमध्ये ‘नो क्लायंट साइट’ अशा ओळी आणि पुढे आयपी दिसतील. ते सबनेट योग्य साइटला जोडा. जोडणी ५०० केबीपीएसच्या खाली मोजली गेली तर विंडोज ती मंद धरतं आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन, फोल्डर रीडिरेक्शन, स्क्रिप्ट वगळतं. नोंद ५३१४ मध्ये तो अंदाज लिहिलेला असतो. पावसात फायबर तुटून शाखा मोबाइल डोंगलवर आली की नेमकं हेच होतं.

वीज येते तेव्हा

जूनमधल्या पहिल्या वादळात वीज जाते, येते, आणि सगळी मशीन एकदम उठतात. सर्व्हरला उठायला त्यांच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे क्रम ठरवून भिंतीवर चिकटवा: आधी स्विच, मग सर्व्हर, सर्व्हरवर लॉगिनचा पडदा आल्यावर आणखी पाच मिनिटं, मग बाकीचे संगणक. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. स्विच बंद पडला तर यूपीएसवरचा सर्व्हर कुणाच्या उपयोगाचा नाही. यूपीएसची डेटा केबल सर्व्हरला जोडून, बॅटरी उतरायच्या आत तो आपोआप नीट बंद होईल असं सॉफ्टवेअर लावा.

ऑफिसात एकच कंट्रोलर असेल तर उठल्यावर त्याचं नेटवर्क प्रोफाइल बघा. डीएनएस सेवा तयार व्हायच्या आत नेटवर्क ओळखलं गेलं तर सर्व्हर स्वतःच्याच नेटवर्कला ‘पब्लिक’ समजतो, फायरवॉल दारं लावून घेते आणि सगळ्या ऑफिसचं लॉगिन अडकतं. नेटवर्क कार्ड डिसेबल करून पुन्हा इनेबल केलं की तिथे ‘डोमेन’ दिसायला लागतं. मग एका काउंटरच्या मशीनवर लॉगिन करून बघा, वेळ वहीत लिहा, आणि त्यानंतरच बाकीची मशीन चालू करायला सांगा.